धागा: मँगनीज घातलेल्या सिझियम लेड ब्रोमाइडचं चुंबकत्व, डीएफटीने काढलेला जे आणि टीसी कितपत खरा?

आळशी_इलेक्ट्रॉन
हॅलाइड पेरोव्हस्काइटमध्ये शिशाच्या जागी मँगनीज टाकून चुंबकत्वाची डीएफटी (इलेक्ट्रॉन-घनतेवर आधारलेली) गणितं चालू आहेत. व्हास्प हे सॉफ्टवेअर, पीबीई फंक्शनल अधिक यू (डी इलेक्ट्रॉनांमधल्या अपकर्षणाची दुरुस्ती), यू = ४ ईव्ही. घनीय सिझियम लेड ब्रोमाइडचा २×२×२ सुपरसेल (मूळ पेशी तिन्ही दिशांना दुप्पट), ४० अणू, ८ पैकी २ शिसं काढून एकमेकांशेजारी २ मँगनीज. प्रश्न असे:

१. फेरो (दोन्ही मँगनीजचे स्पिन समांतर) आणि अँटिफेरो (एकमेकांविरुद्ध) यांच्यातल्या ऊर्जाफरकाचं चिन्हच रनगणिक बदलतं. अँटिफेरो साधारण २५ मिली-ईव्हीने खाली येतं, पण मिक्सिंग (फेऱ्यांमधल्या घनतांचं मिश्रण) बदललं की कधी कधी फेरो खाली दिसतं.
२. या फरकातून जे (दोन स्पिनांमधल्या एक्स्चेंजची ताकद) कसा काढायचा? बऱ्याच पेपरांत टीसीसाठी (चुंबकीय क्रम मोडतो ते तापमान) 'दोन तृतीयांश गुणिले ऊर्जाफरक' दिसतं. ते इथे चालेल का?
३. शिसं जड आहे, मग सगळं स्पिन-ऑर्बिटसकट (स्पिन आणि कक्षीय गतीची जोडणी धरून) करायचं का?

मँगनीजऐवजी लोह टाकलं तर 'हाफ मेटल' (एका स्पिनला धातू, दुसऱ्याला नाही) येतंय, तेही जाता जाता कुणी सांगितलं तर बरं.

एकपेशी
पहिल्या प्रश्नापासून धरू, कारण तो सुटल्याशिवाय पुढचं सगळं पाण्यात.

मँगनीज इथे द्विधन आहे, डी-५, हाय स्पिन (पाच डी इलेक्ट्रॉन, पाचही स्पिन एका दिशेला). शिसंही द्विधन, म्हणजे विद्युतभार आपोआप जुळतो. पेशी तटस्थ ठेवा, जादा इलेक्ट्रॉन नको, होल नको. बँडगॅप शाबूत असेल तर एका मँगनीजच्या पेशीचा एकूण मोमेंट नेमका ५.०० बोर मॅग्नेटॉन यायलाच हवा, फेरो जोडीचा १०.०० आणि अँटिफेरोचा ०.००. ९.७ वगैरे आला तर दोनच शक्यता: स्मिअरिंग (पातळ्यांची भरणी पसरवणं) जास्त आहे, नाहीतर अवस्था चुकीची आहे.

नवखे गोंधळतात ते इथे. आउटकार फाइलच्या शेवटी अणूवार जो मोमेंट छापला जातो तो पीएडब्ल्यू गोलातला (अणूभोवतीच्या ठरावीक गोलातला) असतो आणि साधारण ४.५ ते ४.७ येतो. उरलेला भाग ब्रोमीनवर आणि गोलांमधल्या जागेत असतो, म्हणून ४.६ पाहून घाबरू नका. एका मँगनीजवर ४.६ आणि दुसऱ्यावर ३ च्या आसपास दिसलं तर मात्र तो रन टाकून द्या. अँटिफेरोच्या रनमध्ये एकूण शून्याच्या जवळ असल्यामुळे ही गडबड वरवर कळतच नाही, अणूवार आकडे बघावेच लागतात. तुमचं फेरो अधूनमधून खाली येतं ते यामुळेच असणार: अँटिफेरो भलत्याच दरीत जाऊन बसतं आणि त्याची ऊर्जा उगाच वर राहते.

काय करायचं ते सांगतो. मॅगमॉममध्ये (सुरुवातीचे मोमेंट) मँगनीजला ५, −५ आणि बाकी सगळ्यांना ०. गाउसियन स्मिअरिंग, रुंदी ०.०५ ईव्ही किंवा कमी. एडिफ (ऊर्जा कुठे स्थिर मानायची ती मर्यादा) १०^−७ ईव्ही. तुम्ही शोधताय तो फरक काही मिली-ईव्हीचा, त्यामुळे १०^−४ वर थांबलेला रन म्हणजे तराजूवर हात ठेवून वजन करणं. एलमॅक्समिक्स = ४ (डी इलेक्ट्रॉनांची माहितीही जपणारा टॅग) विसरू नका, तो नसेल तर चार्जकार फाइलवरून पुन्हा सुरू केलेला यू-सकटचा रन भलतीकडेच जातो. एकूण मोमेंट डळमळत असेल तर आधी एनयूपीडाऊनने (एकूण मोमेंट ठरवणारा टॅग) ५ किंवा १० वर बांधून घ्या, मग त्याच वेव्हकार फाइलवरून बंधन काढून चालवा. बंधन काढल्यावर मोमेंट तिथेच टिकला पाहिजे.

खडीसाखर
एकपेशीशी सहमत, पण त्याआधी जालकाचं बघा. घनीय पेशीत हे काम करूच नये.

सिझियम लेड ब्रोमाइड घनीय असतं ते १३० अंश सेल्सिअसच्या वर. ८८ ते १३० मध्ये चतुष्कोनीय, त्याखाली ऑर्थोऱ्होंबिक, अवकाशगट पीएनएमए, पेशीत २० अणू, अंदाजे ८.२ × ११.७ × ८.२ अँगस्ट्रॉम. डीएफटी शून्य केल्विनची असते. तिथे घनीय रचनेला एम आणि आर बिंदूंवर काल्पनिक फोनॉन (काल्पनिक वारंवारतेची कंपनं) येतात, म्हणजे शिशाभोवतीच्या सहा ब्रोमीनचे अष्टफलक कलंडायला टपलेले असतात. तुम्ही मँगनीज घातला, सममिती मोडली, रिलॅक्स केलं, की अष्टफलक कलंडतात आणि ऊर्जा धाडकन खाली येते. त्या घटीत डोपिंगचा वाटा किती आणि कलंडण्याचा किती, हे मग वेगळं करता येत नाही. फेरो रनमध्ये एक कल आणि अँटिफेरो रनमध्ये दुसराच बसला तर चिन्ह बदलणारच!

म्हणून पीएनएमए घ्या. २×१×२ केलं की ८० अणू आणि शिशाच्या १६ जागा. २×२×२ केलं की १६० अणू, ३२ जागा, म्हणजे एक मँगनीज ३.१२५ टक्के आणि दोन ६.२५ टक्के. आधी शुद्ध पेशी पूर्ण रिलॅक्स करा, जालक-मापं तिथेच गोठवा आणि डोपिंगनंतर फक्त अणू हलू द्या, बल ०.०१ ईव्ही प्रति अँगस्ट्रॉमखाली येईपर्यंत. मग फेरोच्या भूमितीवर अँटिफेरोचा एकबिंदू रन (अणू न हलवता) आणि उलटंही. दोन्ही भूमितींवर चिन्ह तेच आलं तरच आकडा वहीत लिहायचा.

त्रिज्यांचा फरक लहान नाही. सहा शेजाऱ्यांच्या हिशोबात द्विधन शिसं १.१९ अँगस्ट्रॉम, हाय स्पिन मँगनीज ०.८३. मँगनीजभोवतीचे ब्रोमीन आत ओढले जातात, शिसं-ब्रोमीनचे जवळजवळ ३ अँगस्ट्रॉम सुमारे २.७ वर येतात. शेजारचं शिसं-ब्रोमीन अंतर तेवढंच ताणलं जातं. हे न दिसणारं रिलॅक्सेशन म्हणजे रन अर्धवट सुटलाय.

आळशी_इलेक्ट्रॉन
१६० अणूंना फक्त गॅमा बिंदू (के-जाळीचा केंद्रबिंदू) चालेल का? आणि ४० ऐवजी ३×३×३ घनीय, १३५ अणू घेतले तर डोपिंग ३.७ टक्के होतं, तेही सोयीचं वाटतंय.

खडीसाखर
३×३×३ आणि गॅमा ही जोडी म्हणजे सापळा. घनीय पेशीत गॅपच्या दोन्ही कडा आर बिंदूवर असतात. सम संख्येच्या सुपरसेलमध्ये (२×२×२, ४×४×४) आर दुमडून गॅमावर येतो. विषम सुपरसेलमध्ये तो आरवरच राहतो. म्हणजे १३५ अणूंवर फक्त गॅमा घेतला तर गॅपच्या कडा तुम्ही पाहिल्याच नाहीत, आणि गॅप उगाच मोठा दिसतो. मग डोपंटच्या पातळ्या 'गॅपच्या मधोमध' आल्या म्हणून आनंद साजरा होतो.

पीएनएमएमध्ये कडा मुळातच गॅमावर आहेत. १६० अणूंच्या रिलॅक्सेशनला गॅमा पुरे, शेवटच्या ऊर्जेला गॅमा-केंद्रित २×१×२. प्लेन-वेव्ह कटऑफ ४०० ईव्ही घ्या. हॅलाइडांना डीफॉल्टवर २५०-३०० चालतो असं वाटतं, पण मँगनीजचा पीव्ही (३पी इलेक्ट्रॉनही धरणारा) पोटेन्शियल मऊ नाही.

लोहकण
आता जे. मुद्दा शेजारी मोजण्याचा आहे आणि नेमका तोच चुकतो.

हॅमिल्टोनियन (स्पिनांच्या ऊर्जेचं सूत्र) आधी लिहून ठेवा, नाहीतर कुणाचा २ कुठे गेला कळत नाही. मी प्रत्येक जोडी एकदाच मोजून 'वजा जे गुणिले एस१·एस२' धरतोय, एस = ५/२. एकच सुटी जोडी असेल तर फेरो आणि अँटिफेरोमधला फरक २ जे एस², म्हणजे १२.५ जे.

तुमच्या ४० अणूंच्या पेशीत मात्र जोडी सुटी नाही. पेशी त्या दिशेला फक्त दोन शिशांइतकी लांब आहे. पहिल्या मँगनीजच्या उजवीकडे दुसरा आहे आणि डावीकडेही त्याच दुसऱ्याची आवर्ती प्रत आहे. तुम्ही गणित करताय ते न संपणाऱ्या साखळीचं. पेशीत दोन बंध आहेत, म्हणून फरक ४ जे एस² = २५ जे. तुमचे २५ मिली-ईव्ही घेतले तर जे = −१ मिली-ईव्ही, −२ नाही. थेट दुपटीचा घोळ, आणि छापील पेपरांतही तो सर्रास सापडतो.

८० अणूंच्या २×१×२ मध्ये बी अक्षाला धरून जोडी लावलीत तर पुन्हा तेच, कारण त्या अक्षावर शिशाचे दोनच थर आहेत. जोडी ए-सी प्रतलात लावा, तिथे बंध एकच मोजला जातो. १६० अणूंमध्ये दोन्ही दिशा सुरक्षित.

आता टीसी. दोन तृतीयांशाच्या सूत्रातला ऊर्जाफरक हा *विस्कळीत स्पिन* आणि फेरो यांच्यातला आहे, अँटिफेरो आणि फेरो यांच्यातला नाही. जवळच्या शेजाऱ्यांपुरत्या साध्या जालकात अँटिफेरो-फेरो फरक त्याच्या दुप्पट असतो. तो तसाच कोंबला की तापमान पहिल्याच पायरीला दुप्पट.

तुमच्या आकड्यांवरच करून दाखवतो. २५ मिली-ईव्ही म्हणजे दर मँगनीजला १२.५. त्याचे दोन तृतीयांश ८.३ मिली-ईव्ही, १ मिली-ईव्ही = ११.६ केल्विन धरून ९७ केल्विन. सूत्रातली दुप्पट काढली की ४८. पण हे ४८ सुद्धा साखळीचे आहेत, जिथे दर मँगनीजला दोन शेजारी सक्तीने दिलेत. यादृच्छिक वाटपात ८ पैकी १ जागा मँगनीजची असेल, म्हणजे १२.५ टक्के, तर सहा शेजारी जागांपैकी सरासरी ०.७५ जागांवर मँगनीज बसतो. ४८ चे झाले १८. एस² च्या जागी क्वांटम एस(एस+१), म्हणजे ६.२५ ऐवजी ८.७५ घातले की २५ केल्विन. ९७ वरून २५, आणि डीएफटीचा आकडा जागचा हललेला नाही!

तरीही या २५ ला टीसी किंवा टीएन (अँटिफेरो क्रमाचं तापमान) म्हणू नका. हे क्युरी-वाइस थीटा आहे, ऋण चिन्हासह. उच्च तापमानाच्या ससेप्टिबिलिटीशी (चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) ताडून बघायला उत्तम. ३.१२५ टक्क्यांना तोच थीटा साधारण −६ केल्विन.

एकपेशी
लोहकण यांनी दार उघडलंच आहे तर पुढचंही सांगतो. शिशाच्या जागांचं जालक म्हणजे साधं घनीय. फक्त जवळच्या शेजाऱ्यांची जोडणी असेल तर साध्या घनीय जालकाचा साइट-पर्कोलेशन उंबरठा ०.३११६ आहे. ३१ टक्क्यांपेक्षा कमी मँगनीज असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेलं जाळंच तयार होत नाही. सुटे मँगनीज, जोड्या, तिकड्या, एवढंच. दीर्घपल्ल्याची चुंबकीय रचना येणार कुठून? मग सरासरी क्षेत्राचं (तेच दोन तृतीयांशाचं) सूत्र ९७ सांगो की ९७०.

उंबरठ्याच्या वर, अगदी १०० टक्के भरलेल्या साध्या घनीय जालकातही क्लासिकल हायझेनबर्ग मॉडेलचं खरं तापमान सरासरी क्षेत्राच्या सुमारे ७२ टक्केच असतं. त्यामुळे टीसी हवाच असेल तर मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुन्यांवरचं गणित) करा: किमान २०×२०×२० जागा, मँगनीज यादृच्छिक टाकून निदान २०-३० वेगवेगळे वाटप, जे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या शेजाऱ्यापर्यंत. एकाच वाटपावरचा आलेख दाखवू नका.

चिन्हाबद्दलही आश्चर्य नको. डी-५ आणि डी-५ मधला ब्रोमीनवरून जाणारा १८० अंशांचा सुपरएक्स्चेंज गुडइनफ-कानामोरी नियमांनुसार अँटिफेरोच असतो, पीएनएमएमधल्या कलंडलेल्या कोनातही तो सहसा तसाच राहतो, फक्त कमजोर होतो. पेरोव्हस्काइट भाऊबंद बघा: पोटॅशियम मँगनीज फ्लोराइड ८८ केल्विनखाली अँटिफेरो, रुबिडियमचं ८३. तुमची रेसिपी तपासायची तर आधी यांवर चालवा. ५ अणूंची पेशी, जी-प्रकारासाठी (प्रत्येक जवळचा शेजारी उलट) दुप्पट, अर्ध्या तासाचं काम. तिथे चिन्ह चुकलं तर डोपिंगकडे वळूच नका.

शंखनाद
यू वर कुणीच बोललं नाही अजून. ४ ईव्ही कुठून आला? 'अमुक पेपरमध्ये होता' हे उत्तर नको.

सुपरएक्स्चेंज ढोबळमानाने ४टी² भागिले यू असा जातो (टी म्हणजे इलेक्ट्रॉनच्या उडीची ताकद). यू वाढवला की जे घसरतो. यू = ० ला अँटिफेरो बंध फुगवून येतो, यू = ६ ला मरगळतो. म्हणजे जे हा आकडा तुम्ही काढत नाही आहात, यू निवडून तुम्ही तो *ठरवताय*. लिनिअर रिस्पॉन्सने यू काढा. क्वांटम एस्प्रेसोमधला एचपी हा भाग तेच काम डेन्सिटी फंक्शनल पर्टर्बेशनने करतो, सुपरसेलची झंझट न ठेवता. मात्र तो यू व्हास्पमध्ये जसाच्या तसा उचलू नका, प्रोजेक्टर वेगळे आहेत. निदान ३, ४, ५ वर जे काढून पट्टा दाखवा.

लोहकण
बरोबर, पण चिन्हाबाबतचा निष्कर्ष यू = ३ ते ५ मध्ये पालटत नसेल तर मी त्यावर फार रक्त आटवणार नाही. आकार पालटतो, गोष्ट पालटत नाही.

शंखनाद
मँगनीजपुरतं मान्य. क्रोमियम किंवा लोहाला अजिबात नाही. आणि फॉर्मेशन एनर्जीत (मँगनीज आत बसवायला लागणारी ऊर्जा) तर यू गळ्याशी येतो. मँगनीजचा संदर्भ धातूरूप मँगनीज घेऊन त्यालाही यू लावला की आकडा कचरा. संदर्भ मँगनीज ब्रोमाइड घ्या, त्याच यू-ने. आणि रासायनिक पोटेन्शियलची मर्यादा नुसत्या मँगनीज ब्रोमाइडची नको, सिझियम मँगनीज ब्रोमाइडचीही घाला. ते षट्कोनी असतं, अष्टफलक फळीला फळी चिकटून साखळ्या करतात, ८.३ केल्विनखाली अँटिफेरो. तिथे चिकटलेल्या फळीतून मँगनीज-मँगनीज अंतर कमी असल्यामुळे जे वेगळा, त्याला पेरोव्हस्काइटचा जे समजू नका.

एकपेशी
स्पिन-ऑर्बिटचं उत्तर राहिलं. जे साठी पहिल्या फेरीत नको. मँगनीजचा एल = ० असल्याने त्याची अनिसोट्रॉपी (स्पिनच्या दिशेनुसार ऊर्जाफरक) मायक्रो-ईव्हीची असते आणि ऊर्जाफरक स्पिन-ऑर्बिटने फारसा हलत नाही. गॅप मात्र हलतो, आणि बेफाम. कंडक्शन बँड शिशाच्या पी पातळ्यांचा आहे, स्पिन-ऑर्बिटने तो जवळपास १ ईव्ही खाली येतो. नुसत्या पीबीईचा गॅप प्रयोगाच्या सुमारे २.३ ईव्हीच्या बऱ्यापैकी जवळ दिसतो, तो दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून. स्पिन-ऑर्बिट लावलं की एक चूक दुरुस्त होते आणि दुसरी उघडी पडते. म्हणून डी पातळी गॅपमध्ये कुठे आहे हे ठरवायचं तर हायब्रिड फंक्शनल अधिक स्पिन-ऑर्बिट, त्याखाली नाही. मॅगमॉम तेव्हा दर अणूला तीन आकडे, सममिती बंद, आणि वेळ अनेक पटींनी जास्त. परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

जाता जाता, मँगनीजची नारिंगी चमक, जी ६०० नॅनोमीटरच्या आसपास येते, ती डीओएसमधल्या (पातळ्यांच्या घनतेच्या आलेखातल्या) शिखरांचं अंतर मोजून काढू नका. ती एकाच आयनातली स्पिन पलटण्याची उडी आहे. एक मँगनीज, एनयूपीडाऊन ५ आणि एनयूपीडाऊन ३, दोन एकूण ऊर्जा, त्यांची वजाबाकी. २ ईव्हीच्या आगेमागे आलं की गाडी रुळावर आहे.

खडीसाखर
लोहाच्या 'हाफ मेटल'चं मी घेते. शिशाच्या जागी द्विधन लोह म्हणजे डी-६. घनीय सममितीत टी-टू-जीच्या तीन समान पातळ्यांत एकच खाली-स्पिन इलेक्ट्रॉन. तीन खुर्च्या, एक माणूस. सममिती न मोडता सोडवलं की तिन्ही खुर्च्यांवर एक तृतीयांश माणूस बसतो, फर्मी पातळी त्या बँडमधून जाते आणि पडद्यावर हाफ मेटल! द्विधन कोबाल्ट, डी-७, त्यातही हेच. उपाय: आयसिम = ० (सममिती बंद), लोहाभोवतीचे ब्रोमीन ०.०५ अँगस्ट्रॉमने वेडेवाकडे हलवा, यू लावा, डी-कक्षांच्या निरनिराळ्या भरणीपासून सुरुवात करून सगळ्यात खालची अवस्था शोधा. जॅन-टेलर विकृती (समान पातळ्या फोडणारी) बसली की बहुतेक वेळा गॅप उघडतो, मोमेंट ४.००. निकेल, डी-८, याला हा त्रास नाही. मँगनीजलाही नाही, म्हणून तर सगळे मँगनीजपासून सुरू करतात.

तिरकस_जालक
सगळं पटलं, पण मग २०१६ मध्ये लोझानच्या ईपीएफएलमधून आलेल्या निकालाचं काय? मिथिल अमोनियम लेड आयोडाइड, १० टक्के मँगनीज, २५ केल्विनखाली फेरो, आणि प्रकाश टाकला की ते फेरोपण वितळतं. १० टक्के म्हणजे तुमच्या ३१ च्या किती खाली. चिन्हही उलटं.

लोहकण
चांगला अडवलात. ३१ चा उंबरठा फक्त जवळच्या शेजाऱ्यांपुरता आहे. एक्स्चेंज लांब पोचत असेल तर उंबरठा खाली येतो. मँगनीज यादृच्छिक न बसता गटागटाने बसला तरी स्थानिक प्रमाण १० पेक्षा जास्त होतं. चिन्हाबाबत, आयोडाइडमध्ये सहसंयोजकता जास्त, कोन जास्त वाकलेला आणि वाहक असतील तर त्यांचा फेरोकडे ओढा, प्रकाशाचा परिणामही वाहकांतूनच समजावला गेलाय. म्हणून ब्रोमाइडचा जे आयोडाइडला लावू नका. गणित करायचं तर दोन्ही मँगनीज वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून ऊर्जा काढा: शेजारी, कर्णावर, एका शिशापलीकडे. जवळची मांडणी खाली आली तर गटबाजी होणार हे धरूनच मॉन्टे कार्लो.

शंखनाद
शिसं टाळायचं असेल तर सिझियम सिल्व्हर बिस्मथ ब्रोमाइडमध्ये लोह, स्वीडनच्या लिंकोपिंगमधून २०२० मध्ये त्यावर चुंबकीय प्रतिसाद छापून आलाय. घनीय, ११.२५ अँगस्ट्रॉम, ४० अणू. त्रिधन लोह बिस्मथच्या जागी बसवलं तर डी-५, भार तटस्थ, खुर्च्यांचा खेळ नाही. पण बिस्मथचं जालक एफसीसी (फलककेंद्री घनीय) आणि दोन लोहांमध्ये ब्रोमीन-चांदी-ब्रोमीन असा लांबचा रस्ता. जे फारच लहान येणार, एडिफ १०^−८ करा आणि के-जाळी बदलून चिन्ह टिकतं का बघा. लोह चांदीच्या जागी बसलं तर भार बदलतो, तो हिशोब वेगळा.

तिरकस_जालक
प्रयोगाशी ताडताना एक: ५ हा सॅच्युरेशन मोमेंट, क्युरी-वाइसच्या उतारातून येतो तो ५.९२. दोन्ही बरोबर, दोन्ही एकाच आयनाचे. ईपीआरमध्ये (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स) मँगनीज विरळ असेल तर सहा रेषा दिसतात, प्रमाण वाढलं की त्या मिसळून एक रुंद रेष होते. आणि नमुना हिरवा चमकत असेल तर मँगनीज चतुष्फलकात गेलाय, सिझियमबहुल मँगनीज ब्रोमाइड सुटं पडलंय. तुमच्या १६० अणूंच्या पेशीशी त्या नमुन्याचा संबंध नाही.

आळशी_इलेक्ट्रॉन
पोटॅशियम मँगनीज फ्लोराइड लावलं: जी-प्रकार खाली, यू = ३, ४, ५ तिन्हींना. ४० अणूंचे जुने रन उघडून पाहिले, ज्यात फेरो खाली होतं त्या दोन्ही अँटिफेरो रनमध्ये मोमेंट ४.६ आणि −३.४. एलमॅक्समिक्स नव्हता. पीएनएमए १६० अणू रांगेत टाकलेत, जोडी ए-सी प्रतलात.

खडीसाखर
बी अक्षावरचीही एक जोडी टाका. १६० मध्ये ती सुटीच राहते आणि कोन वेगळा असल्याने जे वेगळा येईल.